शिपायाचे वेतन, राष्ट्राचे वचन

नाशिकरोडची ओळख देशाला दोन गोष्टींमुळे आहे. येथे चलनी नोटा छापल्या जातात आणि येथेच तोफखान्याचे जवान घडविले जातात. १९२८ साली सुरू झालेले नोटांचे मुद्रणालय आणि तोफखाना केंद्र ही दोन्ही एकाच गावाच्या परिसरात आहेत. तेथून थोडे पुढे गेले की देवळालीचे लष्करी ठाणे आणि तोफखान्याचे उच्च शिक्षण देणारी संस्था लागते. आणि तिला लागूनच स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव भगूर आहे. राष्ट्राचे धन आणि राष्ट्राचे शस्त्र असे शेजारी शेजारी नांदताना क्वचितच दिसते. या दोहोंमधील नाते कसे असावे, हा प्रश्न म्हणूनच नाशिकच्या मातीतून विचारला जाणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीच्या तोफखाना सरावक्षेत्रात सराव चालू असताना तोफगोळ्याचा स्फोट झाला आणि दोन अग्निवीरांना प्राण गमवावे लागले. एक गुजरातचा, दुसरा बंगालचा. दोघेही विशीच्या उंबरठ्यावरचे. घरापासून शेकडो कोस दूर, गोदावरीच्या या खोऱ्यात, तोफ चालविण्याचे शिक्षण घेता घेता त्यांचा शेवट झाला. शासनाने नियमानुसार देय असलेली रक्कम जाहीर केली, वृत्तपत्रांतून दोन दिवस चर्चा झाली, राजकीय पक्षांनी परस्परांवर शरसंधान केले आणि विषय मागे पडला. परंतु त्या निमित्ताने उपस्थित झालेला मूळ प्रश्न आजही तसाच उभा आहे. सैनिकाला राष्ट्र जे देते, ते केलेल्या कामाची मजुरी असते की दिलेल्या वचनाची पूर्तता? आणि ते वचन असेल, तर ते सर्व सैनिकांना सारखे असावे की नसावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परक्यांच्या ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेने त्याचा फार पूर्वी आणि फार बारकाईने विचार केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यसेवकांच्या वेतनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सेनापतीला ४८,००० पण, तर शिक्षित पायदळ शिपायाला ५०० पण, अशी श्रेणी त्यात लावून दिली आहे. सेवकांवरचा एकूण खर्च उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात बसवावा, असाही दंडक आहे. म्हणजे कौटिल्य उधळपट्टीचा पुरस्कर्ता नव्हता. तिजोरीचा तोल सांभाळण्याचे महत्त्व त्याच्याइतके कोणाला कळले असेल? पण त्याच प्रकरणात, राज्याचे काम करताना ज्याला मृत्यू येईल त्याच्या मुलाबाळांना व पत्नीला अन्न आणि वेतन मिळत राहावे, हेही त्याने निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा हा विवेक आहे.

कौटिल्य त्याहूनही पुढे जातो. सैन्यावर येणाऱ्या संकटांची गणना करताना त्याने वेतन न मिळालेल्या सैन्याचा निराळा विचार केला आहे. असे सैन्य वेतन चुकते होताच पुन्हा लढेल, असे तो म्हणतो. ज्या सैन्याचा सन्मान झालेला नाही, तेही धन व मान देऊन लढते करता येते. मात्र ज्या सैन्याचा अपमान झाला आहे, ते मनात राग धरून असते आणि त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. थकलेले वेतन आणि दुखावलेला मान यांतील हा भेद ज्याला कळला नाही, त्या राज्यकर्त्याला सैन्य कळले नाही, असेच म्हणावे लागेल. वेतनाचा प्रश्न अखेरीस मानाचा प्रश्न कसा होतो, हे पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाने वारंवार दाखवून दिले.

महाराष्ट्रात हा विचार प्रत्यक्ष व्यवहारात उतरविला तो छत्रपती शिवरायांनी. तत्कालीन दक्षिणेतील शाह्यांची आणि मोगलांचीही पद्धत अशी, की सरदाराला जहागीर तोडून द्यावी आणि त्याने त्या मुलुखाच्या उत्पन्नातून फौज बाळगावी. शिपायाची भाकरी सरदाराच्या हाती, म्हणून त्याची निष्ठाही सरदाराच्या पायाशी. महाराजांनी ही साखळी तोडली. सरकारातून रोख वेतन देण्यावर त्यांचा भर होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत घोडदळाची रचना आणि वेतने नोंदलेली आहेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी आणि वर पंचहजारी. जुमलेदाराला सालिना ५०० होन, हजारीला १,००० होन आणि पंचहजारीला २,००० होन. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. मोहिमेत हाती लागलेल्या मालाचा हिशेब सरकारात भरावयाचा. शिपायाचा पोशिंदा कोणी सरदार नसून स्वराज्य आहे, हे प्रत्येकाच्या मनावर ठसविणारी ही व्यवस्था होती.

तिचे मोल अफझलखानाच्या पारिपत्यानंतर दिसून आले. नोव्हेंबर १६५९ मधील त्या संग्रामात जे कामास आले, त्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेतले. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या पत्नीला पतीच्या निम्म्या वेतनाची तजवीज करून दिली. जखमींना जखमेचे स्वरूप पाहून २०० होनांपासून २५ होनांपर्यंत रक्कम देण्यात आली. सभासदाने ही हकीकत अगदी साध्या शब्दांत दिली आहे. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, चोहोबाजूंनी शत्रूंनी वेढलेल्या, तिजोरी तुटपुंजी असलेल्या एका नवजात राज्याने अनुकंपा नियुक्ती, कुटुंब निवृत्तिवेतन आणि जखमेनुसार भरपाई या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अमलात आणल्या. येथे तो शिपाई किती वर्षे चाकरीत होता, असा प्रश्न विचारला गेला नव्हता. तो स्वराज्याच्या कामी आला, एवढेच पुरेसे होते.

वेतन आणि शिस्त यांचे नाते महाराजांनी जसे ओळखले, तसे फार थोड्यांनी ओळखले. मे १६७४ मध्ये चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना त्यांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, ही त्या पत्रातील आज्ञा सर्वांना ठाऊक असते. पण तिच्यामागची व्यवस्था सहसा सांगितली जात नाही. खजिन्यातून तुमच्या वाटण्या तुमच्या पदरी घातल्या आहेत, तेव्हा दाणा, वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला जे हवे ते बाजारातून विकत घ्या, असे महाराज त्यात बजावतात. आधी पदरी पैसा, मग कडक ताकीद. उपाशी शिपायाला नीतीचा उपदेश करण्याचा दांभिकपणा त्यांच्या राज्यकारभारात नव्हता. रयतेच्या रक्षणाची पहिली पायरी म्हणजे शिपायाचे वेळेवर वेतन, हे त्यांचे राज्यशास्त्र होते.

नाशिक परिसराने या राज्यशास्त्राचे फळ पाहिले आहे. १६७२ मध्ये बागलाणातील साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात धूळ चारली. पुढे १६८२ पासून नाशिकजवळच्या रामशेजने मोगली सेनेला वर्षानुवर्षे झुंजविले. तलवारीला न बधलेला हा छोटा किल्ला अखेर शत्रूच्या थैलीने गेला, असे इतिहास सांगतो. शिपायाची आणि किल्लेदाराची निष्ठा विकत घेण्यासाठी शत्रू सदैव टपलेला असतो. ज्या राज्यात शिपायाच्या घराची चूल निश्चिंत असते, तेथे त्या थैलीचा मोह कमी पडतो. निष्ठा पैशाने निर्माण होत नाही हे खरे. पण पैशाच्या ददातीने ती झिजते, हेही तितकेच खरे.

पुढची कथा क्लेशकारक आहे. पण तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. राजाराम महाराजांच्या काळात खजिना रिता होता, औरंगजेब छातीवर बसला होता. तेव्हा वतनांच्या आशेवर सरदारांना लढते ठेवणे ही त्या घोर प्रसंगाची निकड होती आणि त्या बळावरच मराठ्यांनी औरंगजेबाला येथेच मूठमाती दिली. मात्र संकट टळल्यावरही ती तात्पुरती सोय कायम राहिली. सरंजामी पद्धत रुजली. फौज पुन्हा सरदारांची झाली आणि शिपायाचा पगार हा सावकाराच्या कर्जावर, दूरच्या मुलुखातून यावयाच्या खंडणीवर अवलंबून राहिला. पगार थकला की शिपायांनी सरदाराच्या दारात धरणे धरावे, त्याला अन्नपाणी घेऊ देऊ नये, हा लष्करातला नित्याचा प्रकार होऊन बसला. आज राजकीय आंदोलनात सर्रास वापरला जाणारा धरणे हा शब्द त्या काळी थकलेल्या पगाराशी जोडलेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अटकेपार भगवा फडकविणारे मराठे सैन्य १७६० मध्ये दिल्लीत पोहोचले, तेव्हा सदाशिवरावभाऊंपुढे अब्दालीच्या इतकाच बिकट प्रश्न पैशाचा होता. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. एवढे करूनही फौजेचा खर्च फार दिवस भागला नाही. याच सैन्यात इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण होती. दरमहा रोख पगार हा त्याचा आग्रह इतर सरदारांना खुपत असे. पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या गारद्यांनी शत्रूला अखेरपर्यंत जे झुंजविले, त्याने त्या पगाराचा हिशेब चुकता केला. नियमित वेतनाची फौज आणि नियमित कवायत या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु तो धडा शिकायला फार उशीर झाला होता.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, थकलेल्या पगाराच्या ओरडीचा आडोसा घेऊनच गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि तरुण नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारस्थान वेगळे होते, सूत्रधार वेगळे होते. नाशिकजवळच्या आनंदवल्लीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या राघोबादादांवर रामशास्त्री प्रभुण्यांनी ठेवलेला दोष सर्वश्रुत आहे. पण मारेकऱ्यांना वाड्यात शिरायला जे निमित्त मिळाले, ते पगाराचे होते. पगार थकणे ही इतकी नेहमीची गोष्ट झाली होती, की हत्यारबंद शिपाई ओरडत राजवाड्यात शिरले तरी त्यात कोणाला वावगे वाटले नाही! राज्य आतून पोखरल्याचे याहून मोठे लक्षण कोणते?

महादजी शिंद्यांनी हे ओळखले होते. त्यांनी द बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्या पगारासाठी दुआबातील मुलुखाचे उत्पन्न स्वतंत्रपणे लावून दिले. त्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याची मैदाने मारली. परंतु महादजींच्या मागे ती घडी टिकली नाही. १८०३ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या पदरच्या युरोपीय अधिकाऱ्यांना तेवढ्याच पगाराची हमी दिली आणि ऐन वेळी अनेकजण निघून गेले. भाडोत्री माणूस अखेर भाड्याचाच असतो. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईपूर्वी होळकरांच्या छावणीत थकलेल्या पगारावरून बंडाळी माजली होती, हेही विसरता येत नाही. मराठ्यांच्या शौर्यात उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो शौर्याला आधार देणाऱ्या व्यवस्थेत.

समोर उभ्या असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाला महिना सात रुपये मिळत. रक्कम मोठी नव्हती; पण ती ठरल्या वेळी मिळत असे आणि चाकरी संपल्यावर निवृत्तिवेतनाची आशा असे. आपल्याच देशाची माणसे परक्यांच्या ध्वजाखाली का उभी राहिली, या दुखऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ फितुरी या एका शब्दात देणे सोपे असले तरी अपुरे आहे. आपल्या राज्यांनी आपल्या शिपायाला बेभरवशाचे ठेवले आणि परक्याने त्याला भरवसा दिला, हे कटू सत्य त्या उत्तराचा भाग आहे.

मात्र तेवढ्याने परक्याला त्या शिपायाचे मन जिंकता आले नाही. १८५७ मध्ये तोच सात रुपयांचा शिपाई बंदूक फिरवून उभा राहिला. भत्त्यांच्या तक्रारी होत्याच; पण ठिणगी पडली ती धर्म आणि मान दुखावल्यामुळे. कौटिल्याने सांगितलेला अपमानित सैन्याचा धोका इंग्रजांना त्या वेळी अनुभवाने कळला. सावरकरांनी त्या संग्रामाला स्वातंत्र्यसमर ही योग्य संज्ञा मिळवून दिली. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि गोऱ्या नौसैनिकांच्या बरोबरीचे वेतन या गोष्टी होत्या. वेतनातील भेदभाव हा अपमानच असतो. सारखाच धोका पत्करणाऱ्या दोघांना निरनिराळे मोल लावले की कमी मोलाचा माणूस रकमेपेक्षा त्या भेदाने अधिक दुखावतो.

स्वतंत्र भारताने सैनिकाच्या वेतनाचा विचार कसा केला? तिसऱ्या वेतन आयोगाने, म्हणजे १९७३ पासून, सैनिकांचे वेतन मुलकी कर्मचाऱ्यांच्या बरोबर एकाच आयोगाच्या कक्षेत आणले. समान चौकटीत आणताना एक गोष्ट नजरेआड झाली, ही माजी सैनिकांची खंत दीर्घकाळ राहिली. कार्यालयातील लिपिक साठीपर्यंत नोकरीत असतो. साधा जवान मात्र पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवतो. मुले शाळेत, आईवडील वृद्ध, कर्ज अर्धे फिटलेले, अशा वयात तो घरी येतो. त्याचे निवृत्तिवेतन गोठलेले राहिले आणि त्याच हुद्द्यावरून पुढे निवृत्त होणाऱ्यांचे वाढत गेले. याच विषमतेतून समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ही मागणी उभी राहिली. २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने तिला पाठिंबा दिला. दिल्लीत वृद्ध माजी सैनिक पदके छातीवर लावून उपोषणाला बसल्याचे दृश्य देशाने २०१५ मध्ये पाहिले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारने ही योजना जाहीर केली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू केली. चार दशकांची मागणी मान्य झाली, याचे श्रेय निश्चितच दिले पाहिजे.

सहाव्या वेतन आयोगाने सैनिकी सेवा वेतन ही स्वतंत्र बाब आणली. गणवेशातील जीवनाची खडतरता मुलकी नोकरीच्या मापाने मोजता येत नाही, याची ती पहिली ठोस कबुली होती. सातव्या आयोगानंतर नव्या जवानाचे मूळ वेतन २१,७०० रुपये आणि सैनिकी सेवा वेतन ५,२०० रुपये झाले. सियाचीनच्या हिमनदीवर उभ्या असलेल्या जवानाचा विशेष भत्ता २०१७ मध्ये दरमहा १४,००० वरून ३०,००० रुपये करण्यात आला. कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबाला शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के विशेष निवृत्तिवेतन, तर युद्धात वा शत्रूच्या कारवाईत वीरमरण आल्यास पूर्ण शेवटचे वेतन मिळते. शिवरायांच्या निम्म्या वेतनाच्या तजविजीशी नाते सांगणारी ही परंपरा आहे. तिचा अभिमान वाटावा, अशीच ती आहे.

याच पार्श्वभूमीवर जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेकडे पाहिले पाहिजे. चार वर्षांसाठी भरती, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवा, उर्वरितांना सेवानिधी देऊन निरोप, असे तिचे स्वरूप आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जाते, तेवढीच भर शासन घालते आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त हाती येतात. महागाई भत्ता, सैनिकी सेवा वेतन, उपदान, निवृत्तिवेतन या गोष्टी मात्र त्यात नाहीत.

योजनेचे हेतू सर्वस्वी त्याज्य आहेत, असे म्हणता येणार नाही. सैन्याचे सरासरी वय उतरावे, नव्या तंत्रज्ञानाला सरावलेली तरुण पिढी सीमेवर यावी, शिस्तबद्ध तरुण समाजात परतावेत, ही उद्दिष्टे योग्यच आहेत. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा स्थापन केली, ती तरी आणखी कशासाठी? तिजोरीचा विचारही क्षुद्र नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यातील सुमारे १.६१ लाख कोटी केवळ निवृत्तिवेतनासाठी होते. तोफा, विमाने आणि पाणबुड्या यांनाही पैसा लागतो. सैनिकाच्या हाती जुने शस्त्र देऊन त्याला भरघोस निवृत्तिवेतन देणे, ही काही त्याची सेवा नव्हे.

परंतु चार वर्षांनी धडधाकट परतणाऱ्या तरुणाला निवृत्तिवेतन द्यावे की नाही, हा एक प्रश्न आहे. आणि जो परतणारच नाही त्याच्या कुटुंबाला ते द्यावे की नाही, हा सर्वस्वी वेगळा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत होता कामा नये. सेवेत असताना कर्तव्यामुळे मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या कालावधीचे वेतन आणि सेवानिधी मिळतो. रक्कम निश्चितच लहान नाही. शासनाने कुटुंबाला वाऱ्यावर सोडले, हा अपप्रचार आहे आणि तो खोडून काढलाच पाहिजे. मात्र नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे आजन्म निवृत्तिवेतन त्यात नाही. एकाच तोफेवर, एकाच क्षणी, एकाच स्फोटात नियमित जवान आणि अग्निवीर दोघे कामी आले, तर एका घरी दर महिन्याला राष्ट्राची आठवण पोहोचेल आणि दुसऱ्या घरी ती एकदाच येऊन थांबेल.

एवढी मोठी रक्कम बँकेत ठेवली तर व्याजावर घर चालेल, असा युक्तिवाद केला जातो. कागदावर तो बिनतोड दिसतो. व्यवहार काय सांगतो? गावातल्या साध्या शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घरी एकदम आलेला पैसा टिकविणे किती कठीण असते, हे समाजात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाऊबंदकी जागी होते, जुनी देणी वर येतात, गोड बोलून फसविणारे दारात उभे राहतात. निवृत्तिवेतन कोणाला विकता येत नाही, कोणाला उचलून नेता येत नाही. महागाईबरोबर ते वाढते आणि दोन वेतन आयोगांनंतरही त्याचे मोल राहते. बहुतेक अग्निवीर अविवाहित असतात. म्हणजे मागे राहतात ते आईवडील. त्यांच्या म्हातारपणी हातात दरमहा पडणारी रक्कम ही केवळ रक्कम नसते. मुलगा जे काम करीत होता, ते त्याच्या माघारी राष्ट्र करीत आहे, असा तिचा अर्थ असतो.

हा विचार केवळ भावनेचा नाही. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्येच, सेवेत मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाप्रमाणेच लाभ मिळावेत, अशी शिफारस केली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सीमेवर धारातीर्थी पडलेल्या, मुंबईत वाढलेल्या एका अग्निवीराच्या आईने याच मागणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. वीरमातेला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणे, हे कोणत्याही राष्ट्रवादी सरकारला भूषणावह नाही. कायद्याचा निकाल काय लागायचा तो लागो. धोरणाचा निर्णय शासनाच्या हाती आहे. या तरतुदीचा बोजा एकूण संरक्षण खर्चाच्या तुलनेत नगण्य असेल. योजनेचा गाभा, सैन्याचे तारुण्य, यांपैकी कशालाही तिने धक्का लागत नाही. जे गंभीर जखमी होऊन कायमचे अपंग होतील, त्यांच्या बाबतीतही हाच न्याय लागू व्हावा. २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची स्थापना झाली. या विषमतेचा निकाल लावण्याची ही योग्य वेळ आहे.

शासनाकडे बोट दाखवून समाजाला मात्र मोकळे होता येणार नाही. २०२२ च्या अखेरीपासून भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये त्यांच्यासाठी १० टक्के जागांची घोषणा सुरुवातीलाच झाली होती. तरीही हजारो तरुण सेवानिधी घेऊन आपापल्या गावी परततील. माजी सैनिकाचा अधिकृत दर्जा त्यांना नाही, म्हणून त्या दर्जाबरोबर येणाऱ्या उपचारांच्या आणि उपाहारगृहाच्या सवलतीही नाहीत. तेव्हा त्यांना माजी सैनिक म्हणून वागविण्याचे काम समाजाने करावयाचे आहे. सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी, सहकारी बँकांनी, शिक्षणसंस्थांनी आपल्या भरतीत अशा तरुणांना अग्रक्रम द्यावा. त्यांचे अर्धवट राहिलेले पदवीचे शिक्षण पूर्ण करून देण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी उचलावी. हातात आलेले अकरा लाख रुपये दुचाकी, लग्नसमारंभ आणि फसव्या गुंतवणुकीत वितळून जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक तालुक्यात दोन जाणती माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली तरी पुष्कळ काम होईल. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. छातीला कागदी ध्वज टोचून दहा रुपये देण्यापुरताच तो दिवस उरू नये.

राष्ट्रासाठी प्राण देणाऱ्याला हुतात्मा हा तेजस्वी शब्द मराठीला दिला तो भगूरच्या सुपुत्राने. त्या शब्दात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. आहुती यज्ञात पडली की ती किती वर्षांची होती, हे अग्नी विचारत नाही. देवळालीच्या माळावर पडलेल्या त्या दोन तरुणांना देशाने हुतात्मा म्हटले. आता त्या शब्दाला साजेसे वर्तन शासनाच्या नियमावलीत उतरले पाहिजे. सेवेत प्राण देणाऱ्या वा कायमचे अपंगत्व पत्करणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या घराला, त्याच्या भरतीचा प्रकार कोणताही असो, सारखेच निवृत्तिवेतन मिळावे. १६५९ साली स्वराज्याच्या तुटपुंज्या तिजोरीला जे झेपले, ते आज जगातील आघाडीच्या अर्थव्यवस्थांमध्ये गणल्या जाणाऱ्या भारताला न झेपण्याचे कोणतेही कारण नाही.